स्लॅबखाली झोप का येत नाही? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींवर लिहिलं होतं, त्यावर चिऱ्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही, सगळ्यांनी उकाड्याबद्दलच विचारलं. मे महिना आहे, साहजिक आहे. नावं कोणाचीच देत नाही, तालुके तेवढे दिलेत. आणि एक, ज्यांनी घराचे फोटो पाठवताना फक्त समोरचं इलेव्हेशन पाठवलंय त्यांनी कृपया वरचं छप्परसुद्धा पाठवा, आम्हाला तेच बघायचं असतं.

प्रश्न (गुहागर तालुका) : नमस्कार सर, आम्ही जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं. दिवसा बऱ्यापैकी असतं पण रात्री नऊ ते दीड अजिबात झोप लागत नाही, पंखा लावला तर गरम वारा येतो आणि बाहेर अंगणात आलं की छान गार. सासूबाई रोज ऐकवतात की होतं तेच बरं होतं. स्लॅबवर कुंड्या ठेवू, पाणी मारू की वरून पत्रे टाकू? खर्च एकदाच काय तो करणार आहोत.

उत्तर : ताई, पत्रे टाका. पण कसे टाकायचे ते नीट वाचा, कारण अर्धी लोकं तिथेच घोळ घालतात.

आधी होतं काय ते सांगतो. आपल्या रत्नागिरीकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ऊन भिंतींवर नाही, सगळं छपरावर. त्या वेळी एका चौरस मीटरवर जवळपास १००० वॉट ऊन पडतं. तुमचं ८०० स्क्वेअर फुटाचं घर धरलं तर ७० किलोवॉटच्या वर झालं. त्यातलं बरंचसं तो काळपट पडलेला स्लॅब पिऊन घेतो, आणि पाच इंच काँक्रीटमधून ती गरमी खाली यायला तीनचार तास लागतात. म्हणून दुपारी तुम्हाला वाटतं ठीक आहे, आणि दिवेलागणीनंतर स्लॅब खालच्या बाजूने तापायला लागतो. पंख्याचा काही दोष नाही, तो बिचारा स्लॅबखालची गरम हवाच खाली ढकलतोय.

आता देशावर पण स्लॅब तापतो, मग तिकडची लोकं मध्यरात्रीनंतर कशी झोपतात? तिकडे रात्री हवा कोरडी, आकाश मोकळं, दिवसरात्रीत पंधरा डिग्रीचा फरक सहज पडतो, स्लॅब पहाटेपर्यंत थंड होतो. आपल्याकडे मेमध्ये दिवसा ३२-३३ आणि रात्री २६, वर हवेत एवढं बाष्प, स्लॅबने गरमी टाकायची कुठे? जाड भिंत आणि जाड छप्पर म्हणजे थंड घर हे राजस्थानात खरं आहे, कोकणात छपराच्या बाबतीत अजिबात नाही. इकडे छप्पर पातळ हवं, सावली देणारं हवं आणि त्याच्या खालून वारा फिरायला हवा. कौल अर्धा-पाऊण इंच जाडीचं, ऊन उतरलं की थोड्या वेळात तेही उतरतं, फटीफटीतून हवा जाते, आणि खाली माळा असतो तो उरलेली धग अडवतो. सासूबाईंना माळ्याबद्दल विचारा, त्यांना सगळं माहीत असेल. (कौलारू म्हणजे पूर्वजांचं ज्ञान वगैरे जे फिरत असतं त्यावर मात्र जाऊ नका. मंगलोरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, म्हणजे ते त्या काळचं फॅक्टरीतलं मटेरियल होतं, लोकांना परवडलं आणि सोयीचं वाटलं म्हणून घेतलं.)

तर पत्रे. स्लॅबच्या वर किमान तीनेक फूट उंच घ्या, माणूस उभा राहील एवढे घेतले तर कपडे वाळत घालायला, आमसुलं-पापड सुकवायला पण जागा होते. रंग पांढरा किंवा फिकट, त्या चॉकलेटी आणि गडद निळ्या पत्र्याच्या मोहात पडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजू उघड्या ठेवा. लोकं काय करतात, पहिल्या वर्षी पत्रे टाकतात, दुसऱ्या वर्षी पावसाची झड येते म्हणून तीन बाजू पत्र्यानेच बंद करतात, तिसऱ्या वर्षी तिथे गोडाऊन होतं, आणि मग खाली पुन्हा उकडतं कारण मधली हवा कोंडली. झड अडवायला छप्पर चारी बाजूंनी दोनअडीच फूट बाहेर काढा, त्यात तुमच्या भिंतींवरही सावली पडते.

बांधणीत कंजुषी नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं तेव्हा खाली दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडाले, आणि पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं. खांब स्लॅबला नुसते बोल्ट मारून उभे करू नका, खालच्या कॉलमच्या सळीशी जोडून घ्या, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत साधे स्क्रू पाचसात वर्षांत गंजून डोकं सोडतात. ग्रामपंचायतीत आधी विचारा, शेडचीही नोंद लागते.

यंदा बजेट नसेल तर स्लॅब पांढरा करा. घासून, चुना मारून किंवा बाजारात पांढरं कोटिंग मिळतं ते, पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो, फरक पहिल्याच रात्री कळतो. पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ येणार आणि ऑक्टोबरात तो काळा दिसणार, म्हणजे दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा घासा आणि मारा. कुंड्या नको, वजन आणि गळती दोन्ही. पाणी मारल्याने फरक पडतो हे खरं, पण पावसात तीन हजार मिलीमीटर पाऊस पडून मेमध्ये टँकर बोलावणारी आपण माणसं, ते पाणी स्लॅबवर ओतायचं?

प्रश्न (देवगड तालुका) : आमचा प्लॉट सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे, पश्चिमेला समुद्र दिसतो. दुपारचा वारा तिकडूनच येतो, ऊनही तिकडूनच आणि पाऊस तर विचारू नका. आर्किटेक्टने पश्चिमेला हॉलला पूर्ण काच दिली आहे, व्ह्यू म्हणून. बाबा म्हणतात पश्चिमेला खिडकीच नको. दोघांत माझी गोची झालीये. काय करू?

उत्तर : दोघंही अर्धे बरोबर. कोकणातल्या घराचं सगळं कोडं या एका पश्चिमेत आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काच आधी निकालात काढू. मेमध्ये संध्याकाळी चारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला पाचसहाशे वॉट ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे चार बाय चारची एक खिडकी म्हणजे हॉलमध्ये एक इस्त्री चालू ठेवून दिली असं समजा. तुमच्या प्लॅनमध्ये तसल्या सहा खिडक्यांएवढी काच आहे. आतून जाड पडदे लावू असं सगळे म्हणतात, पण ऊन काचेतून आत आलं की आलं, पडदा तापतो आणि तो खोलीच तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवा.

आता बाबांचं. पश्चिमेला भिंतच घातली तर मार्च ते मे दुपारी बारा-एकला सुरू होणारा खारा वारा तुम्ही घालवला, आणि या हवेत घाम सुकवायला तेवढंच साधन आहे. अंगावरून सेकंदाला मीटरभर वेगाने हवा गेली तर शरीराला दोनतीन डिग्री कमी वाटतं, थर्मामीटर तेवढाच राहिला तरी. रात्री जमिनीवरून येणारा मतलई वारा मेमध्ये फार नसतो, तो थंडीतला. म्हणजे उकाड्याच्या दिवसांत भरवसा पश्चिमेच्या वाऱ्यावरच.

मग पश्चिमेला पडवी करा. छज्जा नाही हं, पडवी. फरक आकड्यात बघा. मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवर असतो. दोन फुटाचा छज्जा त्या वेळी खाली पावणेदोन फूटच सावली देतो, पाच वाजता जेमतेम एक फूट. म्हणजे खिडकीचा वरचा कोपरा सावलीत आणि बाकी सगळं उन्हात. तेच आठ फूट खोल पडवी घ्या, वळचण सात फुटांवर ठेवा, चार वाजेपर्यंत भिंत पायापर्यंत सावलीत राहते. पाच वाजता खालच्या तीन फुटांवर ऊन येतं, त्याला बांबूची चिक किंवा झावळ्यांची झापं सोडली की झालं, आणि पावसाळ्यात तिथेच पावसाला आडोसा बांधता येतो. जुन्या घरात पडवीची वळचण इतकी खाली का की उंच माणसाला वाकावं लागतं, त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

तुमचा आर्किटेक्ट म्हणेल हे फार जुनाट. त्याला मुंबईतली कांचनजंगा बिल्डिंग आठवून द्या, चार्ल्स कोरियांची, १९८३ ची. त्यांच्यापुढे हाच पेच होता, मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, ऊन-पाऊसही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या काढल्या, त्यामागे राहायच्या खोल्या. व्ह्यूही राहिला. तुमच्या हॉलला पडवीतून समुद्र दिसेलच की, आणि खरं सांगू, संध्याकाळी सहाला माणसं बसतात ती पडवीतच, काचेच्या मागे कोण बसतंय.

राहिलं वाऱ्याला बाहेर जाण्याचं. पश्चिमेने आत आला तर पूर्वेने किंवा उत्तरेने बाहेर जायला तेवढंच किंवा जास्त मोठं तोंड हवं, नाहीतर तो दारातूनच परत फिरतो. मधल्या भिंतीत दारावर झरोके ठेवा. दक्षिण-उत्तरेच्या खिडक्यांची काळजी करू नका, मेमध्ये दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडतच नाही, आणि डिसेंबरात सूर्य दुपारी ५० अंशांवर येतो तेव्हा थोडं ऊन आत येतं ते हवंच असतं, पावसाळ्याची ओल त्याने सुकते.

पश्चिमेला आंबा घराला चिकटून लावू नका, वादळात फांदी छपरावर येते. पंधरावीस फूट लांब चालेल. माडाच्या सावलीवर विसंबू नका, तो उंच गेला की सावली शेजाऱ्याच्या अंगणात.

प्रश्न (रत्नागिरी शहर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : सर, लडाखमध्ये काच आणि काळी भिंत वापरून हीटर न लावता घर गरम ठेवतात, आम्ही त्यावर प्रोजेक्ट करतोय. तीच सिस्टिम उलटी फिरवून कोकणात घर थंड करता येईल का? जमिनीखालून पाइप टाकून हवा थंड करण्याबद्दलही वाचलं.

उत्तर : प्रोजेक्ट छान आहे, गाव चुकलंय.

तू म्हणतोस ती ट्रॉम्ब भिंत. फ्रेंच इंजिनिअर फेलिक्स ट्रॉम्ब आणि आर्किटेक्ट जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो गावात तसं घर बांधलं, पण मूळ कल्पनेचं पेटंट अमेरिकेत एडवर्ड मॉर्स यांनी १८८१ मध्येच घेतलं होतं. दक्षिणेला जाड काळी भिंत, तिच्यापुढे चारसहा इंचांवर काच, दिवसा भिंत तापते आणि रात्री आत गरमी सोडते. लेहजवळ फे गावातलं सेकमॉल या शिक्षणसंस्थेचं कॅम्पस मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेची काच या जोरावर हिवाळ्यात उबदार राहतं. तिथे हे का चालतं? लेह ३४ अक्षांशावर, डिसेंबरात दुपारचा सूर्य ३२-३३ अंशांवरच, म्हणजे ऊन सरळ दक्षिणेच्या भिंतीवर. आकाश निरभ्र, रात्री उणे दहाच्या खाली. दिवसा भरपूर मिळतं आणि रात्री भरपूर लागतं, मग साठवण्यात अर्थ आहे.

उलटं फिरवायचं म्हणजे रात्रीचा थंडावा भिंतीत साठवून दिवसा वापरायचा. त्यासाठी रात्र थंड हवी. ती आपल्याकडे नाही, वर गुहागरच्या ताईंना तेच सांगितलं. जमिनीखालच्या पाइपचंही तेच दुखणं. दहाबारा फूट खाली जमिनीचं तापमान साधारण त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीएवढं असतं, रत्नागिरीत ते २७ च्या आसपास. ३३ ची दमट हवा २७ च्या पाइपातून नेली की ती जवळपास दव धरण्याएवढी ओली होते, बुरशी येते आणि तो वास तू बेडरूममध्ये सोडणार. दिल्ली-राजस्थानकडे करतात, तिकडे ठीक.

कोकणात काच आणि काळा रंग वापरायचाच असेल तर सोलर ड्रायर कर ना. कोकमं, फणसाचे काप, आंबापोळी, सुकी मासळी, सगळं उघड्यावर वाळतं, माशा आणि अवकाळी पावसाची धास्ती. तिथे ट्रॉम्बचंच तत्त्व आहे, ऊन पेटीत पकडायचं आणि गरम हवा वर चढताना माल सुकवायचा. त्याला गिऱ्हाईक पण मिळेल.

प्रश्न (कुडाळ तालुका) : कूलर घेवचो काय नको, इतक्याच सांगा.

उत्तर : घेव नकात. नागपुरात ४४ डिग्रीची कोरडी हवा चांगला कूलर २७-२८ पर्यंत खाली आणतो. आपली ३३ ची, ७० टक्के दमट हवा कितीही भिजवली तरी २८ च्या खाली जाणारच नाही, प्रत्यक्षात २९ ला थांबते आणि वर अंग चिकट. त्या पैशात बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्या, ३० वॉटच्या आसपास चालतात, साधा ७५ घेतो.

प्रश्न (मुंबई, घर संगमेश्वर तालुक्यात) : आम्ही चाकरमानी, गणपतीला आणि मेमध्ये जातो, बाकी घर बंद. दरवेळी उघडलं की कोंदट वास, गाद्यांवर बुरशी, कपाटामागे भिंत काळी. भाऊ म्हणतो सगळ्या फटी सिलिकॉनने बंद करू म्हणजे ओल येणार नाही.

उत्तर : भावाला थांबवा, आधी. ओल फटीतून कमी आणि जमिनीतून, भिंतीतून जास्त येते. चिरा पाणी पितो, जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो ती भिंत पार आतपर्यंत भिजते. फटी बंद केल्या की ते बाष्प घरातच राहणार आणि गाद्यांत जाऊन बसणार. तुमच्या घराला उलट बंद असतानाही श्वास घेता यायला पाहिजे.

वळचणीखाली, म्हणजे भिंत आणि वाशांच्या मध्ये, सलग झरोका ठेवा आणि त्याला बारीक स्टीलची जाळी मारा, वटवाघूळ आणि साप दोन्ही बाहेर राहतील. समोरासमोरच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांचे तिरके लूव्हर करा, पाऊस आत येत नाही, हवा येते, आणि आतून ग्रिल असल्याने चोराची भीती नाही. जाताना आतली सगळी दारं, कपाटं सताड उघडी ठेवून जा, कपाट भिंतीपासून तीनचार इंच सुटं ठेवा, गाद्या कॉटवर उभ्या करा, प्लास्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका. पावसाच्या बाजूच्या भिंतीवर छप्पर तीन फूट बाहेर आलं तर निम्मं काम तिथेच होतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट लावला असेल तर आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि पेंट फुगतो, दुरुस्ती काढाल तेव्हा चुन्याचा गिलावा करा. गवंडी कुरकुर करेल, म्हणेल आता कोण चुना मळतं. हल्ली तयार मिळतो.

आणि गावातल्या कोणाला तरी किल्ली द्या. श्रावणात ऊन पडलं की दोन तास खिडक्या उघडायला सांगा, गणपतीत त्याला पेढे द्यालच.

प्रश्न (अलिबाग तालुका) : सगळं नैसर्गिक ठीक आहे हो, पण आई-वडील सत्तरीचे आहेत, मेमध्ये एसी लागणारच. मग पडवी, झरोके याला काय अर्थ? शिवाय सगळीकडे स्लायडिंग खिडक्या लावून झाल्यात.

उत्तर : एसी लावा की, आम्ही काय शपथ घातलेली नाही. सत्तरीतल्या माणसाला उकाड्यात घामाघूम ठेवण्यात काही मोठेपणा नाही. फक्त अख्खं घर एसीसाठी बंद करू नका. एक खोली निवडा, उत्तर किंवा पूर्वेची, बाहेरची भिंत एकच असलेली, शक्य असेल तर जिच्यावर दुसरा मजला आहे अशी. तिला नीट बंद होणारं दार आणि घट्ट खिडकी. छपरावर सावली केलेली असेल तर त्या खोलीला एक टनाचा एसी २६-२७ वर पंख्यासोबत पुरतो. बाकी घर उघडं. झरोके असलेल्या खोलीत एसी लावाल तर मात्र अंगण थंड कराल.

स्लायडिंगबद्दल बोलायचंच होतं. केंद्राची इको निवास संहिता आहे, २०१८ ची, तिच्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट भागासाठी खिडक्यादारांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के हवा असं दिलंय, म्हणजे सहावा हिस्सा, पाचही हवामान विभागांत सगळ्यात जास्त. दहा बाय बाराची खोली म्हणजे २० स्क्वेअर फूट उघडं पाहिजे. चार बाय चारची स्लायडिंग दिसते १६ ची, उघडते ८. वर डासांची जाळी, तिने आणखी वारा अडतो. कॉन्ट्रॅक्टरला स्वस्त आणि पटकन पडते म्हणून सगळीकडे तीच.

सगळ्या बदलू नका, खर्च उगाच. ज्या खोलीत दुपारी बसता तिथली वाऱ्याच्या बाजूची एक आणि तिच्या समोरची एक, अशा दोन काढून बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या लावा, खालची कड बसलेल्या माणसाच्या कमरेला येईल एवढी खाली घ्या, ग्रिल मात्र घाला. जाळी झडपेला नको, वेगळ्या चौकटीत घ्या, म्हणजे दुपारी डास नसतात तेव्हा काढून ठेवता येते. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस घ्या, आणि उघडी झडप भिंतीला अडकवायला लांब हूक लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच वळिवाच्या वाऱ्यात काच खाली.